भुयारी लोकांची नवी आवृत्ती

भुयारी लोकांना सुधारायचं काम लेखकाच्या गळ्यात पडलं, त्याच सुमारास त्याची सासू मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी घरी राहायला आली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. तो लेखकाने जोडला.

हा लेखक कादंबऱ्या लिहिणारा नव्हे. टेबलाभोवती बसून, फासे टाकत, कुणी योद्धा तर कुणी जादूगार होऊन खेळायचा एक खेळ असतो. त्या खेळाचं पुस्तक काढणाऱ्या कंपनीत तो नियम लिहायचा. जुन्या आवृत्तीत बुटके, राक्षस अशा बऱ्याच जमाती होत्या. त्यातल्या भुयारी लोकांबद्दल एवढंच म्हटलं होतं: 'कोते, लोभी, संशयी. दिसताक्षणी मारावेत.'

"नव्या आवृत्तीत दिसताक्षणी कोणालाच मारायचं नाही," संपादिकाबाई म्हणाल्या. "प्रत्येक जमातीला रीतभात हवी, घरदार हवं."

लेखकाने पहिल्या खेपेला भुयाऱ्यांना इतकं सद्गुणी केलं की चाचणीला बसलेल्या खेळाडूंना जांभया आल्या. दुसऱ्या खेपेला ते उठता बसता गाणी म्हणायला लागले. बाईंनी कागद मिटून ठेवले. "आता शेवटची संधी. नाही जमलं तर भुयारी पुस्तकातून जातील आणि खरं सांगायचं तर त्यांच्या मागोमाग तुम्हीही."

हवालदिल होऊन तो जेवणाच्या टेबलाशी बसला. त्यात त्याचा लाडका लाल फासा, शाळेपासून जपलेला, घरातच कुठेतरी गडप झाला होता. समोर सासू काळा चष्मा लावून दोऱ्याच्या तुकड्यांना गाठी मारत होती.

"टाकून का देत नाही ते?" त्याने विचारलं.

"असू दे. लागतं कधीतरी."

लेखकाचा हात आपोआप चालू लागला. भुयारी काही टाकत नाहीत. बाहेरून आलेली वस्तू हुंगल्याशिवाय आत घेत नाहीत. पाहुण्याला नाव विचारायच्या आधी जेवायला घालतात. आणि आभार म्हणून कधी मानत नाहीत. हे शेवटचं वाक्य त्याने जरा दाबून लिहिलं. बायको सकाळीच कामावर जायची, त्यामुळे सासूच्या डोळ्यांत थेंब घालायचं काम त्याच्याकडे होतं आणि थेंब घालून झाले की ती नुसतं "हं" म्हणायची. डॉक्टरांनी तिला वाचायला मनाई केलेली, म्हणून कागद टेबलावर पसरलेले असूनही गडी निर्धास्त होता.

चाचणीच्या दिवशी ऑफिसातला पाण्याचा पाइप फुटला. बाई खेळाडूंना घेऊन थेट त्याच्या घरी आल्या. योद्धा होणारा दंतवैद्य आला, जादूगार होणारा शिंपी आला, पण तिसरा तापाने आडवा झालेला.

"आजी बसतील की," बाई म्हणाल्या. "नवखं माणूस असलेलं उत्तमच. आजी, तुम्ही भुयारी व्हा."

"मला वाचायला मनाई आहे अजून."

"हे वाचून दाखवतील ना."

सासूसमोर बसून लेखकाने सासूच वाचायला घेतली. एकदोन ओळी हळूच गिळून पाहिल्या, पण दंतवैद्य कागदात डोकं घालून बसला होता. "अहो, हुंगायचं राहिलं," तो म्हणाला. तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. तिची सुटी नेमकी आजच होती. दोन वाक्यं ऐकताच तिने नवऱ्याकडे असं पाहिलं, की जुन्या आवृत्तीतला 'दिसताक्षणी' हा शब्द त्याला नव्याने समजला.

"अस्सं," सासू म्हणाली. "करा सुरू."

"मी तलवार उपसून भुयारात शिरतो," दंतवैद्य म्हणाला.

"पाय पुसलेस?"

त्याने बाईंकडे पाहिलं. "पुसतो."

"तलवार दाराशी ठेव. जेवलायस का?"

"आजी, मी तुम्हाला मारायला आलोय."

"मार की. पण उपाशी पोटी कशाला?"

दंतवैद्याच्या हातातला फासा हातातच राहिला. मग शिंप्याने जादूचं औषध पुढे केलं. सासूने ते हवेतच हुंगलं आणि म्हणाली, "खराब झालंय. पिऊ नकोस." त्यात विष होतं, हे खेळ चालवणाऱ्या बाईंनाच माहीत होतं. पुढे दरी आली, पूल तुटलेला. सगळे अडले, तर सासू शांतपणे म्हणाली, "दोरी आहे माझ्याकडे. तुकडे जोडून केलेली." सगळे सुखरूप पार झाले आणि योद्ध्याने परतीच्या वाटेवर पुन्हा भुयारातच मुक्काम करायचा हट्ट धरला.

"भुयारी राहतील," बाई म्हणाल्या. "तुम्हीही. पण सुचलं कुठून हे?"

"कल्पनाशक्ती," लेखक पुटपुटला.

"कसली कल्पनाशक्ती," सासू म्हणाली. "मी पहिल्या वाक्यालाच ओळखलं."

बायको कपबश्या आवरता आवरता थांबली.

"या तर आमच्या विहीणबाई."

सगळे हसले. लेखकही हसला. त्याची आई चांगल्या वस्तूही भंगारात देते आणि पाहुण्यांची बोळवण दारातूनच करते, हे त्या क्षणी सांगायची गरज नव्हती.

मंडळी गेल्यावर सासूने हाक मारली. "तुमच्या आईचं नाव पुढे केलं, राग मानू नका. चारचौघांत दुसरं काय सांगणार?"

"आई, मी खरंच..."

"बरं लिहिलंय. लोक कोती म्हणायचे, तुम्ही रीत म्हणालात. इतकं निरखून कुणी पाहिलं नव्हतं मला. बरं वाटलं." तिने कमरेची पिशवी उघडली. "एकच चुकलंय. आभार मानत नाहीत, ते खोडा."

तिने त्याच्या तळहातावर लाल फासा ठेवला. "कपाटाखाली होता. दिसत नाही धड, म्हणून चाचपत चाचपत सगळं घर पालथं घातलं."

"तुम्हाला वाकायची मनाई आहे ना?"

"तुम्ही शोधत होता."

लेखक फासा हातात फिरवत म्हणाला, "हं."

"आता कसं," सासू म्हणाली आणि थेंबांसाठी मान वर करून बसली.