सगळ्यांनी सरळ बसा, गाडी कलते

"रविवारी सकाळी माझा भाऊ त्याची गाडी घेऊन येतोय," धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता डॉक्टरांच्या बायकोने जाहीर केलं. "लेकीचं सामान त्याच्या गाडीतून जाईल. आपली ती म्हातारी आधीच बसलीय. सामान भरलं तर आडवीच होईल."

म्हातारी म्हणजे दारातली जुनी स्टेशन वॅगन. तिच्या मागच्या स्प्रिंगा पार दमल्या होत्या, त्यामुळे ती सदा आकाशाकडे तोंड करून उभी असायची. गतिरोधक आला की आत बसलेले सगळे श्वास रोखून धरायचे, जणू त्याने गाडीचं ओझं कमी होणार होतं. तरीही बूड घासायचंच.

डॉक्टरांना हे बोलणं लागलं. एक तर ते पेशाने दाताचे डॉक्टर. हलणारा दात उपटायचा नाही, शेवटपर्यंत वाचवायचा, यासाठी ते प्रसिद्ध होते. दुसरं म्हणजे लेक जन्मली तेव्हा तिला दवाखान्यातून याच वॅगनमधून घरी आणलं होतं. आता ती शिकायला परगावी निघाली, तर तिला मेहुण्याच्या गाडीत बसवून आपण फाटकातून हात हलवायचा? छे!

"मुलगी माझी, गाडी माझी. सोडायला मी जाणार," डॉक्टर म्हणाले. "मुळं घट्ट आहेत तिची. नुसत्या स्प्रिंगा गेल्यात. मी तिला हवेवर बसवतो."

"कशावर?"

"हवेवर. मागच्या स्प्रिंगा काढायच्या, तिथे रबराचे जाड फुगे बसवायचे, कॉम्प्रेसरने हवा भरायची. सामान वाढलं की हवा वाढवायची. गाडी जागच्या जागी वर!"

बायकोने शेवटच्या टॉवेलची घडी घातली. "शनिवारी संध्याकाळी गाडी सरळ उभी दिसली तर बघू. नाहीतर माझा भाऊ आहेच."

मग दवाखाना दुपारनंतर बंद राहू लागला. डॉक्टर कपाळाला दवाखान्यातला दिवा बांधून गाडीखाली शिरत. वरचा बोल्ट दिसेना, तेव्हा त्यांनी दात तपासायचा छोटा आरसा आत घातला. गंजलेल्या बोल्टशी ते पेशंटशी बोलावं तसं बोलायचे. "थोडं सहन करा. हं... झालंच." बोल्ट कटकन सुटला की म्हणायचे, "झालं. दुखलं का?"

हे वाक्य ऐकतच लेक वाढली होती. सायकलवरून पडून गुडघा फुटला, की बाबा पट्टी बांधून विचारायचे, "झालं. दुखलं का?" आणि नाक ओढत तिने म्हणायचं, "थोडंसं."

सगळं ठीक चाललं होतं. गडबड झाली ती नळीपाशी. सोबतच्या माहितीपत्रकात स्पष्ट छापलं होतं, की दोन्ही फुग्यांना स्वतंत्र नळी जोडावी. डॉक्टरांना हसू आलं. त्यांच्या दवाखान्यात एका नळीला फाटा काढून दोन अवजारं वर्षानुवर्षं चालत होती. माहितीपत्रक लिहिणाऱ्याने दाताचा दवाखाना पाहिला नसणार, असं ठरवून त्यांनी इथेही तोच सुबक फाटा काढला. उरलेल्या नळीचे तुकडे करून ते वायरींना गुंडाळून टाकले. सांध्यांना साबणाचा फेस लावून पाहिला, तर एक बुडबुडा येईना.

शनिवारी संध्याकाळी कॉम्प्रेसर घुरघुरला आणि वॅगन उठली. नेटकी, सरळ. बायको चहा घेऊन बाहेर आली, गाडीला एक चक्कर मारली आणि म्हणाली, "बरी दिसतेय."

तिच्या तोंडून हे म्हणजे मानपत्रच. डॉक्टरांनी अदबीने मागचं दार उघडलं. बायको आत बसली आणि गाडी अगदी सावकाश तिच्या बाजूला कलली. पलीकडची बाजू तेवढीच वर गेली.

"हे काय?"

"काही नाही. तुझ्या बाजूची हवा पलीकडे गेली."

"का गेली?"

डॉक्टर शास्त्रीय सत्याला चिकटून राहिले. "तुझ्या बाजूला दाब जास्त पडला."

"म्हणजे मी जाड."

"मी दाब म्हणालो."

"गाडीने अख्ख्या गल्लीला सांगितलं, तुम्ही काय म्हणताय!" बायको उतरली. चहा आत परत गेला.

लेकीने गाडीखाली डोकावून पाहिलं. "बाबा, दोन्ही फुग्यांना एकच नळी?"

"दवाखान्यात चालते."

"दवाखाना वळणावर वळत नाही, बाबा."

आता दुसरी नळी आणायची, तर दुकानं बंद झालेली आणि होती तिचे तुकडे झालेले. आतून बायकोचा फोनवरचा आवाज येत होता, "हो, ये तू. सकाळीच ये."

पण डॉक्टर हार मानणारे नव्हते. हवा इकडून तिकडे जाते ना? मग दोन्हीकडे सारखा भार ठेवला की जाईल कुठे! सकाळी चहाच्या आधी ते आणि लेक सामान तोलायला बसले. बॅग इकडे, गादी तिकडे, सायकल बरोबर मधोमध. त्यात एक शोध लागला. पुस्तकांचा मोठा खोका एका बाजूला ठेवला आणि दुसऱ्या बाजूला लेक बसली, की गाडी रेसभरही हलत नव्हती.

"म्हणजे मी एवढी पुस्तकं?" लेक हसली.

सगळं जमलं, फक्त बायको उरली. ती मागे ज्या बाजूला बसे, ती बाजू खाली. तिच्या तोडीचं पलीकडे ठेवायला घरात काही मिळेना. डॉक्टर शिलाई मशीनकडे पाहायला लागले, तेवढ्यात मेहुणा आला.

त्याची उंच, नवी गाडी फाटकाशी थांबली. सीटवरचं प्लॅस्टिक अजून तसंच होतं. "खोके चादरीत बांधा हं, भाऊजी. ओरखडे पडतात," तो म्हणाला. "आणि सायकल? नाही, सायकल नको. प्लॅस्टिक फाटेल."

लेकीचा चेहरा उतरला. मग तिने वॅगनकडे पाहिलं, तिथे कलून बसलेल्या आईकडे पाहिलं आणि मामाकडे नीट निरखून पाहिलं.

"मामा, जरा आईच्या पलीकडे बस ना."

मामा बसला. वॅगन उठली आणि सरळ झाली, तंतोतंत.

 मग बायको हळूहळू भावाकडे वळली. तो रोज व्यायामाला जायचा आणि भेटेल तेव्हा बहिणीला वजनावर व्याख्यान द्यायचा.

"म्हणजे तू माझ्याएवढाच आहेस!"

"ताई, हाडं जड असतात माझी..."

"दार लाव," बायको म्हणाली. "अहो, निघा. आपल्याच गाडीने जाऊ."

"पण माझी गाडी..."

"हलू नका!" डॉक्टर ओरडले.

प्रवास शिस्तीत झाला. वळण आलं की डॉक्टर आगाऊ सांगत आणि सगळे एकदम आत कलत. मामाला खिशातला फोन काढायचीसुद्धा परवानगी नव्हती. वसतिगृहाच्या फाटकाशी भलामोठा गतिरोधक होता. सवयीने सगळ्यांनी श्वास रोखला. वॅगन त्याच्यावरून अलगद गेली, घासली नाही. डॉक्टरांनी आरशात बायकोकडे पाहिलं. बायकोने खिडकीबाहेर पाहिलं, पण ती हसत होती.

सामान उतरलं, खोली लागली, सायकल उभी राहिली. आईने लेकीला जवळ घेतलं, पुसायचं तेवढं पदराने पुसलं आणि जाऊन आपल्या जागी बसली. मामा न सांगता आपल्या जागी बसला. डॉक्टर मात्र चांगली असलेली चाकं पुन्हा पुन्हा तपासत होते.

"बाबा, निघ आता."

डॉक्टर गाडीत बसले आणि दचकले. शेजारच्या सीटवर, येताना जिथे लेक बसली होती तिथे, पुस्तकांचा खोका होता. त्याला पट्टाही बांधलेला.

"अगं, हा राहिला की!"

"राहू दे. मी उतरले म्हणजे गाडी तुझ्या बाजूला कलणार. खोका माझ्याएवढाच आहे ना?"

"आणि पुस्तकं?"

"पुढच्या महिन्यात आण. याच गाडीतून."

 डॉक्टरांनी पट्टा उगाच ओढून पाहिला. लेक खिडकीशी वाकली.

"झालं," ती म्हणाली. "दुखलं का?"

डॉक्टरांनी नाक ओढलं. "थोडंसं."

वॅगन फाटकाबाहेर पडली. मागे मेहुणा काहीतरी समजुतीचं बोलायला पुढे वाकू लागला, तशी बायकोने त्याचा दंड धरला.

"हलू नकोस," ती म्हणाली. "गाडी सरळ चाललीय."