हरलेल्याचा मान

ज्ञानदेवआबा टीव्ही बघत नाहीत, टीव्हीच्या आसपास फिरतात. पायात चपला, खांद्यावर टॉवेल, एक पाय आमच्या उंबऱ्यात आणि दुसरा अंगणात. आपल्या संघाने गोल खाल्ला की तरातरा विहिरीपर्यंत जातात आणि परत येऊन विचारतात, "फिटला का?" बसा म्हटलं तर माझ्यावरच डाफरतात. "बसून जमायचं न्हाय, बाई. तितं पोरं पळत्यात आन आमी हितं टेकायचं व्हय?"

आबा आमचे अंथुर्ण्यातले शेजारी. डाळिंबाची बाग, एक म्हैस, आणि बायको गेल्यापासून घरात दुसरं माणूस नाही. टीव्ही त्यांच्या घरातही आहे. पण एकट्याने हरायला बरं वाटत नाही, असं त्यांनीच मला सांगितलंय.

आशियाई स्पर्धा सुरू झाल्या की आमच्या घराची शांती गेलीच म्हणून समजा. आबांना कुठलाच खेळ वर्ज्य नाही. तिरंदाजी चालते, तलवारबाजी चालते, होड्याही चालतात. एकदा होड्यांची अख्खी शर्यत ते दारातून ओरडत होते, "हाण! हाण की रं!" शर्यत संपल्यावर विलासने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, त्यांना सांगितलं की आबा, ती होडी आपली नव्हती, आपली मागून येतीये. आबा जरा वरमले. मग म्हणाले, "मंग तिला जरा जोर कमी पडला आसंल माझा."

पण त्यांची खरी तऱ्हा कळते ती आपण हरल्यावर. हॉकीत हरलो त्या दिवशी टीव्हीवर कोट घातलेले जाणकार मधली फळी, बगलेची फळी असं काय काय समजावत होते. आबा उंबऱ्यातून त्यांच्यावर खेकसले, "ते समदं ऱ्हाऊ द्या! पोरं जेवली का, ते इचारा की!" नेमबाजीत एका मुलीचं पदक थोडक्यात हुकलं आणि ती रडायला लागली, तर हे दिवसभर घोकत बसले, म्हणजे घोकत फिरले, "जेवली का ती? तिला कोन जेवाय घालनार?" त्या नादात सामाईक विहिरीच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करायचा राहिला आणि आमची मेथी कुजली. मी इंदापूरला कॉलेजात शिकवते, संयमाची मला सवय आहे. पण त्या दिवशी मीही आबांशी बोलले नाही.

या जेवणाच्या वेडाला कारण आहे. आमच्या गावच्या जत्रेत घरागणिक मान वाटलेले आहेत. पालखीचा मान एका घराण्याचा, पहिल्या नारळाचा दुसऱ्याचा. आबांच्या घराण्याकडे आखाड्यात शेवटच्या कुस्तीत हरलेल्या पैलवानाला जेवू घालायचा मान. जिंकलेल्याला फेटा, इनाम, खांद्यावरची मिरवणूक. हरलेल्याला आबांच्या घरी मटण-भाकरी. उपाशी पोटी त्याला वेस ओलांडू द्यायची नाही. आबांच्या बायकोच्या हाताला अशी काही चव होती म्हणतात, की सोमेश्वरनगरकडचा एक पैलवान लागोपाठच्या जत्रांना येऊन पडायला लागला, तेव्हा पंचांना संशय आला. आता आबाच रांधतात. हल्ली हरायला कोणी फारसं उत्सुक नसतं.

तर या वेळी आशियाई स्पर्धेला आमच्याच गावची मुलगी गेली. कालव्यापलीकडच्या वस्तीवरची आरती, महिला कबड्डीच्या राष्ट्रीय संघात. संघ अंतिम सामन्यात पोचला आणि गावाला धीर निघेना. कबड्डीत एखाददुसरा अपवाद सोडला तर आपल्याला सोन्याशिवाय काही माहीत नाही. पोरांनी आदल्या दिवशीच फ्लेक्स छापून आणला. 'सुवर्णकन्या' अशी आरतीच्या डोक्याएवढी अक्षरं, आणि खाली शुभेच्छुकांचे आरतीपेक्षा मोठे फोटो. डीजे ठरला, हलगीवाले ठरले.

सामना दुपारी झाला. आबांनी त्या दिवशी येरझारा घालून आमच्या अंगणात वाट पाडली. अगदी बरोबरीत येऊन शेवटची चढाई उरली आणि ती आरतीच्या वाट्याला आली. ती आत शिरली, बोनसला टाकलेला पाय रेषेआधीच पडला, ती वळली आणि कोपऱ्यातल्या मुलीने तिचा घोटा धरला. मध्यरेषेकडे हात ताणून ती पडली. हात वीतभर अलीकडे राहिला.

रौप्यपदक! दुसऱ्या कुठल्याही खेळात मिळालं असतं तर गावाने गुलाल उधळला असता. कबड्डीत मिळालं म्हणून डीजेला नको म्हणून कळवलं. फ्लेक्स कोणीतरी कडब्याच्या गंजीवर झाकायला नेला. पारावर तर जन्मात कबड्डी न खेळलेले लोक तिने पाय कुठे टाकायला हवा होता ते सांगत होते. मला इतका राग आला की मी आमच्या घरातला टीव्हीच बंद केला.

आबा मात्र आरतीच्या घरी खेटे घालत राहिले. कधी येणार, कशानं येणार. शेवटी तिच्या आईनेच रडत सांगितलं, की पोरगी उद्या पुण्याहून येतेय, पण गावात यायचं नाही म्हणते, बारामतीला मावशीकडे राहणार, पुढचं पुढं बघू. दुसऱ्या दिवशी दुपारी आबा आमच्याकडे आले.

"इलास, गाडी काड. बाई, तुमी बी चला. आज न्हाय आली तर मंग न्हाय येत."

"येईल हो आबा, चार दिवसांनी येईल," मी म्हटलं.

"न्हाय येत," आबा म्हणाले. "मला म्हाईत हाय."

बारामतीच्या स्टँडवर पुण्याहून येणाऱ्या प्रत्येक एसटीच्या खिडकीखाली आबा टाचा उंचावून बघत होते. एका कंडक्टरने त्यांना हुसकूनही लावलं. अखेर आरती उतरली. तोंडाला स्कार्फ, पाठीवर देशाचं नाव असलेलं जॅकेट उलटं करून घातलेलं.

"आबा? तुमी हितं?"

"न्यायाला आलोय."

"आबा, हारले की मी."

"म्हनूनच आलोय. जिकली आस्तीस तर तुला न्यायाला लई जन हुते. हारल्याला न्यायाचं काम आमचं. मान हाय आमच्या घराचा."

आरती हसली आणि हसता हसताच माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. आबा लगेच दुसरीकडे बघत रिकाम्या फलाटावर येरझारा घालायला लागले.

गावात शिरताना गंजीवरची 'सुवर्णकन्या' दिसू नये म्हणून विलासने मुद्दाम मागचा रस्ता घेतला. संध्याकाळ झाली होती. आबांनी सकाळीच मटण शिजवून ठेवलेलं. आरतीच्या आईलाही बोलावलं होतं. आरतीने पहिला घास घेतला.

"आबा, मीठ लई झालंय."

"व्हय? मंग भाकरी ज्यादा खा."

ती जेवली, अगदी पोटभर. आबा पळी घेऊन तिच्याभोवती फिरत होते. मध्येच ती म्हणाली, "आबा, तुमचा संभादादा बी कुस्ती खेळायचा ना? त्यो हारल्यावर त्याला बी आसंच वाढायचा?"

विलास एकदम खाली बघायला लागला. मी या गावची सून, मला काही ठाऊक नव्हतं. आबांचा मुलगा संभा पुण्याला कंपनीत आहे, दिवाळीला तासभर येतो, एवढंच मला माहीत.

आबांची पळी थांबली.

"आमच्याच जत्रंत हारला त्यो," ते म्हणाले. "मी हितल्या समद्या मानसांदेखत त्याला बोललो. मान आमचा, आन त्या साली ताट वाढलंच न्हाय मी. त्याची आई रडत हुती, तिला बी वाढू दिलं न्हाय. गेला पोरगा उपाशी, सांजच्या एसटीनं. आता येतो, च्या पितो, जातो. जेवत न्हाय."

इतकी वर्षं हा माणूस आमच्या टीव्हीसमोर देशाची पोरं जेवली का म्हणून विचारत होता आणि मी त्याला हसत होते. मला रडू आवरेना.

आरतीने ताटातला रस्सा बोटाने पुसून खाल्ला. "मंग करा की फोन."

"काय म्हनू?"

"टीव्हीला रोज इचारता तेच."

आबांनी फोन काढला आणि अंगणात फेऱ्या सुरू केल्या. गोठ्यापर्यंत, परत दारापर्यंत, पुन्हा गोठ्यापर्यंत. पलीकडून फोन उचलला तसे ते जागीच उभे राहिले.

"संभा, आबा बोलतोय... न्हाय, समदं बरं हाय... जेवलास का?"

पलीकडे काय बोलणं झालं ते आम्हाला ऐकू आलं नाही. मग आबा म्हणाले, "न्हाय ना? मंग ये की. मीठ कमी घालतो."

आणि आबा उंबऱ्यावर टेकले. मी त्यांना असं निवांत बसलेलं पहिल्यांदाच बघत होते. फोन तसाच कानाला धरून त्यांनी पायातल्या चपला काढल्या.