इंगेलिसेचा वाचलेला दात

वयाच्या चौसष्टाव्या वर्षी दातांना तारा बसवायच्या, असं डेन्मार्कमधल्या ऑल्बोर्गच्या इंगेलिसेने ठरवलं आणि वर्षभरात सरळ दातांनी हसून दाखवीन, असं नवऱ्याला, प्रेबेनला, बजावलंही. दवाखान्याच्या फॉर्मवर ‘चालू औषधे’ या रकान्यात तिने ‘एकही नाही’ असं ठसठशीत लिहून खाली रेघ ओढली. तिच्या मैत्रिणी पिशवीभर गोळ्या घेऊन फिरत, म्हणून ती रेघ.

आठ महिने झाले, तरी दात जागचे हलेनात. दातांच्या डॉक्टर लेर्केला वाटलं, बाई तारांना अडकवायची रबरं लावत नाहीत. तिने हळूच विचारलं, तर इंगेलिसेने घाबरून चिकट टॉफ्या खाल्ल्याचं कबूल केलं. मग अक्रोडांचंही. शेवटी लेर्केने ठरवलं की दाटी कमी करायला खालचा एक दात काढू या.

त्या मंगळवारी प्रेबेन सोबत आला होता. इंजेक्शन भरता भरता लेर्के म्हणाली, की आज घरी गेल्यावर पडून राहा.

“बरं झालं आज रविवार नाही,” प्रेबेन म्हणाला. “रविवारी गोळी घेतली की अर्धा तास हिला आडवं होता येत नाही. खिडकीशी उभी राहून शेजाऱ्यांची न्याहारी मोजत असते.”

लेर्केने सुई खाली ठेवली. “कसली गोळी?”

“ते औषध नव्हे,” इंगेलिसे म्हणाली. “हाडांसाठी आहे. आठवड्यातून एकदाच तर घेते.”

लेर्केने खुर्ची जवळ ओढली. दात सरकायचा तर एका बाजूचं हाड झिजावं लागतं, दुसऱ्या बाजूला नवं भरावं लागतं. ही गोळी हाडाला झिजूच देत नाही. शिवाय अशा माणसाचा दात काढला, तर क्वचित जबड्याची जखम भरतच नाही.

लेर्केने लगेच जबड्याचा एक्स-रे काढला. जबडा ठणठणीत होता. गोळी मनाने बंद करायची नाही, तिच्या डॉक्टरांशी लेर्के स्वतः बोलणार होती. दात काढायचा नाही, तारा हलक्या ठेवायच्या आणि तीन वर्षं धीर धरायचा.

तीन वर्षं ऐकूनही इंगेलिसे हसत बाहेर पडली. सगळे दात तोंडात होते, वाकडे का असेनात.

बायकोचा दात आपण वाचवला, हे प्रेबेनने गल्लीभर सांगितलं. त्याला खरं तर तिची चहाडीच करायची होती. पण ते तिने कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तर खिडकीचंही सांगावं लागलं असतं.