एकेचाळीस नंबरची कविता

हिंगोली वेगळा जिल्हा झाला त्या वर्षी जिल्ह्याला कलेक्टर मिळाले, पोलीस अधीक्षक मिळाले. गुप्तहेर मात्र आधीपासूनच होता. तो मी, संपतराव, मुक्काम डोंगरकडा. माझी नजर घारीची, कान सशाचे आणि बुद्धी... बुद्धीला शोभेल अशी उपमा अजून सापडलेली नाही, तपास चालू आहे. दुकानाच्या पाटीवर 'घड्याळदुरुस्ती' मोठ्या अक्षरांत आहे आणि 'गुप्तहेरगिरी' लहान. गुप्तहेराने उगाच लोकांच्या डोळ्यांत भरू नये.

एका सकाळी तांड्यावरच्या निर्मलाबाई दुकानात आल्या. हातात शंभर पानी वही होती.

"संपतभाऊ, मानसं हरवलेत."

मी घड्याळाचं भिंग डोळ्याला लावलं. "किती?"

"चाळीस. दर महिन्याला."

असं प्रकरण मी जन्मभर मागत होतो. बाईंना स्टुलावर बसवलं आणि जबानी घेतली.

आमच्या गावचे निवृत्त मास्तर तातेराव गुरुजी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी शाळेच्या व्हरांड्यात कविसंमेलन भरवायचे. मासिकं कविता साभार परत पाठवत, शहरातल्या मंचावर आमच्याकडच्यांना कुणी विचारत नसे. त्यामुळे हट्ट्याचे, कुरुंद्याचे, वसमतचे झाडून सगळे कवी इथे येत आणि एकमेकांना ऐकवत. वाचायचा क्रम ज्येष्ठतेने. निर्मलाबाई सगळ्यांत नव्या, म्हणून त्यांचा नंबर कायम शेवटचा, एकेचाळिसावा.

"तीन बार झालं. माहा नंबर येतो अन् समोर कोनीच न्हाई, मंग न वाचताच येते. एकडाव माईकवाला व्हता, तो बी वायर गुंडाळून राहिला व्हता."

"आणि गुरुजी?"

"ते डोळे मिटून ऐकतेत. कोन बसलं, कोन उठलं, त्यायला काय ठाव!" बाईंनी वही मांडीवर सरळ केली. "माही कविता आजवर कोनीच ऐकली न्हाई, भाऊ. या रविवारी बी असंच झालं तर वही चुलीत घालते. मंग तकलीफच न्हाई."

हे त्या इतक्या साध्या आवाजात बोलल्या की मला भिंग काढून पुसावं लागलं.

रविवारी मी वेषांतर करून, म्हणजे टोपी घालून, शेवटच्या रांगेत बसलो. तीन कवींनी "काय संपतराव, आज टोपी?" असं विचारलं. त्यांची नावं संशयितांत टिपली.

पहिला संशय हट्ट्याचे कवी शेषराव 'वादळ' यांच्यावर होता. त्यांच्या गझलेने माणूस पळू शकतो, हे मी स्वतःवरून जाणतो. पण त्यांची गझल साडेअकराला संपली आणि लोक दुपारी चारपर्यंत जागेवरच होते. इतक्या उशिरा परिणाम करणारी गझल वैद्यकशास्त्राला माहीत नाही.

मग चहावर आलो. स्टँडवर हॉटेल चालवणाऱ्या गोजरबाई चार वाजता किटली घेऊन आल्या. चहात काहीतरी मिसळत असतील म्हणून मी जिवावर उदार होऊन चार कप प्यायलो. काही झालं नाही. फक्त एकदा शाळेच्या मागे जाऊन यावं लागलं, आणि तेवढ्यात चौघे कमी झाले!

पाच वाजता भयंकर गोष्ट दिसली. प्रत्येक कवीने आपली पिशवी मांडीवर घेतली होती आणि जो तो मनगटाकडे बघत होता. एका व्हरांड्यातली सगळी घड्याळं एकाच वेळी बिघडलेली! धंद्याच्या दृष्टीने मला गहिवरून आलं. पण पिशव्यांचा अर्थ वेगळा होता. चोरलेल्या कविता! एकेक जण उठून "आलोच" म्हणत बाहेर जात होता. मी वहीत लिहिलं : 'आलोच म्हणणारे एकोणीस. परतले शून्य. वाट पाहणे.'

चाळीस नंबरच्या कवीने पिशवी खांद्याला लावूनच कविता वाचली, तीही एका दमात. मग तोही "आलोच" म्हणून गेला. गुरुजींनी डोळे न उघडता पुकारलं, "एकेचाळीस!"

निर्मलाबाई उठल्या. रिकाम्या सतरंजीकडे बघितलं आणि वही मिटली.

"थांबा!" मी ओरडलो. "गुन्हेगार हद्दीतच आहे!"

धुळीतल्या पावलांचा माग काढत मी शाळेमागच्या विहिरीवर पोचलो. आत वाकून "शरण या!" असं तीनदा बजावलं. एक बेडूक शरण आला. नंतर कळलं की ती पावलं माझीच होती, मघाची.

परत आलो तर गुरुजी घरी गेले होते, गोजरबाई कप गोळा करत होत्या आणि निर्मलाबाई त्यांना विचारत होत्या, "वो बाई, हे लोकं जातेत कुठं?"

"कुठं म्हंजे? स्टँडवर. साडेपाचची वसमत गाडी. तिच्यामागं गाडीच न्हाई."

मी मटकन सतरंजीवर बसलो. माझं घर गावात, गुरुजींचं शाळेला लागून, बाईंचा तांडा पायी वाटेवर. आम्हा तिघांना कधी गाडीची गरजच पडली नव्हती.

"मंग सांगत काहून न्हाईत?"

"गुरुजीला वाईट वाटंल म्हनून."

निर्मलाबाईंनी पदर खोचला आणि वही घेऊन स्टँडकडे निघाल्या. मी पुरावा गोळा करायला मागे धावलो.

गाडीत अख्खं संमेलन बसलं होतं. आम्ही दोघं चढलो तेव्हा कंडक्टर मोहनसिंग दार लावतच होता.

"तांड्यापस्तोर एक द्या," बाई म्हणाल्या. मग सगळ्यांकडे तोंड करून दांड्याला टेकल्या. "माहा नंबर राहिलाय."

शेषराव वादळ गडबडून उठले. "बाई, तुमी कविता करता? आमाला वाटलं तुमी ऐकायला येता."

"ऐकतच आले की, तुमाला. चार महिने."

गाडीत कुणी कुणाकडे बघेना. शेषराव हळूच खाली बसले. गाडी सुटली आणि बाई वाचू लागल्या. आवाज पहिल्या दोन ओळी कापरा होता, मग लागला. पाण्याला जाण्याची कविता होती. पत्रे खडखडत होते, पण मागे भाकरीचं गाठोडं घेऊन बसलेली एक म्हातारी, जिचा साहित्याशी काडीचा संबंध नव्हता, मध्येच ओरडली, "बाय, ती मधली वळ परत म्हन गं. इंजनात गेली."

बाईंनी परत म्हटली.

"डोक्यावर दोन हंडे, हात तेवढे मोकळे,
मोकळ्या बोटांवर मी वाटेनं ओळी मोजल्या."

"व्हय," म्हातारी म्हणाली. "आमी बी जातोत तसंच."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धूळ होती असं मी सांगू शकतो, पण खोटी जबानी मी देत नाही.

तांड्याचा फाटा आला. मोहनसिंगने घंटीच्या दोरीला हात घातला, निर्मलाबाईंकडे बघितलं आणि हात खाली घेतला. फाटा मागे गेला. सगळ्या गाडीला ते दिसलं.

बाईंनी पान उलटलं.