रोमन विवेक आणि जळालेली मोटर

मनुष्याच्या सर्व दुःखांचे मूळ अज्ञानात असते, आणि ज्ञान बहुधा सांगलीत मिळते. वडूजजवळच्या आमच्या गावचे सरपंच नानासो तिथल्या एका शिबिराला गेले आणि परतले ते रोमन होऊन.

काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात. ज्या नसतात त्यांचा शोक करू नये, असे प्राचीन रोमचे शहाणे म्हणत (असे चहाच्या सुट्टीआधी सांगण्यात आले). नानासोंनी येताच कारभाराची तशी वाटणी केली. हातात : स्वतःचे मत आणि मिशी. हाताबाहेर : रस्ता, गटार, दिवाबत्ती, पाणी. काम इतके सुटसुटीत झाले, की सदस्यांना दुपारी शांत झोप लागू लागली. (पूर्वी सकाळी लागे.)

मग भर उन्हाळ्यात विहिरीवरची मोटर जळाली. नानासोंच्या पत्नी हरणाबाई शेजारच्या वाडीवरून डोक्यावर पाणी आणू लागल्या. तरी त्यांचं एक कोकरू तहानेनं गेलं. त्या तडक पंचायतीच्या सभेत शिरल्या.

नानासो शांतपणे म्हणाले, "कोकरू मर्त्य हुतं. ते आदीच ध्यानात घ्याचं."

हरणाबाईंनी ऐकून घेतलं. बाहेर आल्या, कडी घातली, कुलूप लावलं.

"दार उघड," आतून आवाज आला.

"कुलूप भायेरनं हाय. म्हंजी तुमच्या हातात न्हाई. शोक करू नगा."

सदस्यांनी प्रथम सद्गुणाचा आश्रय घेतला. वरचा पत्रा तापू लागला तसा सद्गुण पातळ झाला. थोड्या वेळानं नानासो खिडकीशी आले. मिशी घामानं खाली आली होती.

"पाणी तरी दे गं."

"कुठलं?" हरणाबाईंनी विचारलं.

यावर रोमन लोकांनी काही सांगितलेले नव्हते. नानासोंनी खिशातून फोन काढून वडूजच्या मिस्त्रीला लावला. मिस्त्री म्हणाला, "आज लय काम हाय, उद्या बघू." नानासो रडकुंडीला येऊन विनवू लागले, तेव्हा कुठे तो लगेच यायला तयार झाला. दिवस मावळायच्या आत मोटर चालू झाली, आणि मगच दार उघडलं.

पुढच्या सभेत 'विवेकाचा विजय' असा ठराव होऊन नानासोंना शाल देण्यात आली. हरणाबाईंचे आभार वेळेअभावी राहिले. त्या तेव्हा मेंढरांना पाणी दाखवत होत्या.

हे वाचताना आपल्याला ओळखीचं कुणीतरी आठवलं असेल, आणि ही कथा त्यांना पाठवावी असंही वाटलं असेल. अवश्य पाठवा. आपल्याला ती कुणी पाठवली, आणि का, याचाही सवडीनं विचार करावा.