यशोधराबाईंची पट्टी

पूस महिन्यात अख्खं चामोर्शी शेकोटीला बसलेलं असताना आमच्या शेजारच्या यशोधराबाई ओसरीत बसून सुपानं वारा घेत. कोणी बघितलं की वरून त्यालाच झापत, "काऊन पाहून राह्यला? तुले गरम नाई होत का?"

बाई शाळेत मास्तरीण. गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून अंगाची नुसती आग. रात्री झोप नाही, दिवसा वर्गावर जाळ! शेवटी हेडमास्तर म्हणाले, "बाई, तुम्ही आता घरीच बसा." नवरा, तेही शाळेत गुरुजी, जाऊन कैक वर्षं झालेली, लेकरूबाळ नाही. "घरी भिंतीसंग बोलू काय वं?" बाई मला म्हणाल्या, तेव्हा पहिल्यांदाच त्यांचा आवाज बारीक झाला.

मग नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी हार्मोनच्या पट्ट्या दिल्या. कातडीला चिकटवायच्या, आठवड्यातून दोनदा बदलायच्या. बाईंनी पहिली पट्टी लावली ती थेट कपाळावर! "जिथी आग, तिथी पट्टी," हा त्यांचा हिशेब. तशाच बाजारात गेल्या. जो तो विचारतोय, "बाई, डोस्क्याले काय लागलं?"

घरी आल्यावर त्यांना म्हणे आठवलं, पट्टी कमरेखाली, मागच्या बाजूला लावायची. तिथे हात पोचत नाही, म्हणून दर रविवारी आणि बुधवारी मला हाक. मी गॅसवरचा भात सोडून धावायची. बाई पालथ्या पडून हुकूम सोडत, "तळहातानं दाब. आनखी दाब. घामानं निघन ना वं!"

पण गुण आला हो. बाई झोपू लागल्या, वर्गात हसू लागल्या. हेडमास्तरांनी घरी बसायचा विषय पुन्हा काढला नाही.

पट्ट्या संपल्या तेव्हा मीही सोबत नागपूरला गेले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पोटावरच लावता ना? म्हणजे कोणाची मदत लागत नाही, सांगितलं होतं मी."

परतीच्या एसटीत मी भडकलेच. "बाई, मग मला कशाला पळवता हो? तिकडे माझा भात बुडाला लागतो!"

बाई खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या,

"आमचे गुरुजी गेले तवापासून अंगाले कोनाचा हातच नाई लागला वं. पट्टीच्या बहान्यानं तुहा लागते."



बुधवारी त्यांनी हाक मारायच्या आधीच मी गेले. पट्टी लावली, तळहात ठेवला.

"चिकटली वं आता," बाई म्हणाल्या.

"अजून नाही," मी म्हटलं.