अनुपस्थित तपासनीस

जो हलत नाही त्याच्यावर वीज खर्च करणे हा अपव्यय होय. हे तत्त्व मान्य करून आमच्या कार्यालयाची इमारत गेल्या वर्षी हुशार करण्यात आली. प्रत्येक टेबलाच्या वर छताला एक सेन्सर बसला. चार मिनिटे हालचाल दिसली नाही, की तो दिवा विझवतो आणि खुर्ची रिकामी असल्याची नोंद करतो. वार्षिक अहवालानुसार एकूण बचतीपैकी ४५ टक्के दिव्यांमुळे, ३८ टक्के वातानुकूलनामुळे, २० टक्के लिफ्टमुळे आणि ९ टक्के किरकोळ कारणांनी झाली. (लिफ्ट आता तिघे जमल्याशिवाय निघत नाही. एकटे येणारे जिना चढतात व त्यांची प्रकृती सुधारते.)

कर्मचाऱ्यांनी सहकार्य केले. आवक-जावक विभाग दर तीन मिनिटांनी सामुदायिक आळस देतो. उपसंचालकांनी टेबलावर मान डोलावणारी बाहुली ठेवली असून त्यांची उपस्थिती शंभर टक्के आहे. ते दौऱ्यावर असले तरीही.

अडचण एकट्या तपासनिसांची झाली. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावरचा आकडा पडताळणे हे त्यांचे काम. ते करताना फक्त त्यांची बुबुळे हलतात, आणि तेवढी हालचाल सेन्सर हिशेबात धरत नाही. त्यांची खुर्ची दिवसाला सरासरी सहा तास रिकामी भरली. बचत समितीने पद रद्द करण्याचे सुचवले. निवृत्तीला दोन वर्षे होती.

"साहेब, अधूनमधून मान तरी हलवा," शिपाई म्हणाला.

"हलवली की बेरीज चुकते."

"चुकू दे की. दिवा तर राहील."

घरीही दिलासा नव्हता. "यंत्राला कळायला वर्ष लागलं," बायको म्हणाली. "मला लग्नाच्या पहिल्या आठवड्यात कळलं होतं."

सुनावणीत तपासनिसांनी वर्षभरात पकडलेल्या एकतीस चुकांची यादी पुराव्यादाखल ठेवली. यादी खरोखरच वाचण्यासारखी होती. समितीचे पाचही सदस्य ती मन लावून वाचू लागले, आणि चौथ्या मिनिटाला सभागृहात अंधार झाला. सभागृह रिकामे असल्याची नोंद होऊन गणसंख्येअभावी सभा आपोआप रद्द झाली. (यादी अंधारात कुठेतरी गेली.) पुढे पद रद्द करण्याचा ठराव सह्यांसाठी फिरवून मंजूर करण्यात आला. एकाही सदस्याने तो वाचण्यात चार मिनिटे घालवली नाहीत.

वार्षिक अहवाल त्यानंतर, म्हणजे तपासणीविना, छापला गेला. सुरुवातीला दिलेले चार आकडे त्यातलेच. त्यांची बेरीज एकशे बारा होते. आपण ते वाचताना कुठेही अडखळला नाहीत, सलग पुढे सरकत इथवर आलात. त्याबद्दल समिती आपली आभारी आहे. आपली उपस्थितीही शंभर टक्के धरण्यात आली आहे.